डॉक्टरीणबाईंच्या कानवाल्या खुर्च्या

मौनीला मौनी हे नाव कुणी दिलं यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो न्हाव्याने दिलं, दुसरा म्हणतो मी दिलं. मी दोन्ही पक्षांना मान डोलावतो. नाव मात्र असं चपखल बसलं की त्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर सापडतं.

त्याचा धंदा जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवण्याचा. या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरून काम करतात. एका वेळी वीस-पंचवीस. जिभेने एक खिळा ओठांशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठक्. चाळीस वर्षं ज्याच्या तोंडात खिळे, तो बोलणार कधी? काही विचारलं की मौनी ‘हं’ करायचा. त्या ‘हं’चे हो आणि नाही असे दोन सूर होते आणि ते गिऱ्हाइकांना पाठ होते. उरलेलं सगळं बोलणं त्याच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, लागलेलं होतं आणि त्यांनी ते कधी थकवलं नाही.

खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. घरात बसायला काय, तर तीन स्टुलं. उरल्यासुरल्या पायांची बनवलेली, त्यामुळे तिन्ही वेगवेगळ्या उंचीची. पाहुणे बसले की एकाचं डोकं छताकडे, दुसऱ्याचे गुडघे हनुवटीपाशी. शिवाय एक पत्र्याची पेटी, वर चिंध्या भरलेली गादी. वहिनींचं ठरलेलं वाक्य होतं, “झाडून सगळ्या गावाच्या बुडाची सोय केलीत. आमच्या बुडाने तुमचं काय घोडं मारलंय?” मौनी म्हणायचा, “हं.” हा ‘हं’ दोन्हीतला कुठलाच नसायचा.

त्याला स्टुलांची लाज वाटत नव्हती असं नाही. पण त्याला साधी खुर्ची नको होती. मोठ्या रस्त्यावर जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, त्याच्या काचेत एक खुर्ची होती. पाठ उंच, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पंख, बसणाऱ्याच्या डोक्याला आडोसा होईल असे. दुकानदार तिला विंगबॅक म्हणायचा. मौनी कानांची खुर्ची म्हणायचा. रविवारी नवराबायको फिरायला निघायचे ते त्या काचेशी जाऊन थांबायचे. किमतीची चिठ्ठी दुकानदाराने पालथी ठेवलेली असायची, आणि पालथ्या चिठ्ठीची वस्तू आपल्यासाठी नसते हे दोघांनाही कळत होतं. वहिनी म्हणायच्या, “दोन हव्यात. एकात तुम्ही बसाल आणि मी काय तुमच्या कानात बसू?”

हे सगळं असूनही मौनीने कधी कुणाला नागवलं नाही. उलट शाळेच्या मुख्याध्यापकांनी अख्खा सोफा नवा करून मागितला, तर मौनीने दोन स्प्रिंगा बदलल्या, बोटाने कापडाकडे दाखवलं आणि ‘हं’ केलं. म्हणजे, हे अजून दहा वर्षं जाईल. मुख्याध्यापक पुढे वर्षभर शिक्षकांच्या खोलीत त्याचं उदाहरण देत होते. गल्लीत लोक म्हणायचे, डॉक्टरांचं निदान एक वेळ चुकेल, मौनीचं नाही.

आणि योग असा की पुढचं सगळं घडलं ते डॉक्टरांच्याच घरात.

डॉक्टर जाऊन चार वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाई एकट्याच राहतात. पुढे बंद पडलेला दवाखाना, मागे राहायची खोली. दवाखान्यात चाळीस वर्षं उकळत्या पाण्यात सुया टाकलेली बाई. घरात आजही चमचे उकळून घेतात. कुणी शिंकलं की आधी खिडकी उघडतात आणि मग चौकशी करतात. त्यांच्या आतल्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांच्या हातांवरचं कापड विरलं होतं, म्हणून त्यांनी मौनीला बोलावलं. गल्लीने दवाखाना पाहिला होता, आतली खोली कुणी पाहिली नव्हती. मी सुद्धा नाही. एवढं एक घर माझ्या नजरेतून कसं निसटलं याची मला आजही चुटपुट आहे.

मौनी आत गेला आणि दारातच थांबला. दोन कानांच्या खुर्च्या, जोडी, खिडकीशी. एक उलटी करून त्याने खालचं कापड सोडवलं. आत काथ्या नाही, फोम नाही, घोड्याचे केस. दाभणाचे टाके हाताचे, एकाला एक चिकटून, आणि सांगाड्यात एकही लोखंडी खिळा नाही. शंभर वर्षांपूर्वीचं काम. त्याच्या गुरूच्या गुरूने केलं असेल असं. मौनीने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. तो कितीतरी वेळ उकिडवा बसून नुसता बघत होता.

स्वयंपाकघरातून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “फार खराब आहे का हो?”

बाईंनी हे विचारलं नसतं तर काही झालं नसतं असं मौनी म्हणतो. मी म्हणतो, काहीतरी झालंच असतं, पण माझं सोडा. त्याचा हात एप्रनच्या खिशात गेला. या लोकांच्या खिशात लाकडाचा बारीक भुसा कायम असतोच. खुर्चीच्या पायाशी फरशीवर चिमूटभर पिवळसर पिठाची ढिगुळी दिसायला लागली. मौनी पुष्कळ दिवस सांगत होता की तो भुसा आपोआप सांडला. आपोआप सांडलेला भुसा पसरतो, त्याची ढिगुळी होत नाही. हे मी त्याला एकदाच सांगितलं. नंतर त्याने आपोआप हा शब्द सोडला.

“कीड आहे,” तो म्हणाला.

बाई पदराला हात पुसत आल्या. पिठाकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे गेल्या. औषध मारून जाईल का, असं विचारलं. मौनीने नाही म्हणून मान हलवली. पसरते का? “पसरते.” किती दिवसांत? “महिन्याभरात.” संपलं. मौनीसारखा माणूस खोटं बोलला तरी काटकसरीने बोलतो.

बाईंना दुसरं काही सांगावंच लागलं नाही. साथीचा रोगी खोलीत कळला की जे करायचं तेच त्यांनी केलं. खुर्च्या या क्षणी बाहेर. जाळा, मोडा, काहीही करा, पण उंबऱ्याच्या आत नकोत. वर त्यांनी हातगाडीचं भाडं मौनीच्या हातात ठेवलं. तो नको म्हणाला. त्या म्हणाल्या, “घ्या हो. तुमच्यामुळे वेळेवर कळलं.” आणि त्याने ते घेतलं. या एका गोष्टीबद्दल तो माझ्याशी बोलताना आजही मान खाली घालतो. खुर्च्यांचं एक वेळ समजू शकतो म्हणतो, पण भाडं कसं घेतलं ते त्याचं त्यालाच कळत नाही.

भरदुपारी, दोन चादरी टाकून, हातगाडीवरून खुर्च्या घरी आल्या. वहिनींना त्याने सांगितलं, गावाच्या पलीकडे एक घर रिकामं होत होतं, ते टाकून देत होते. वहिनींनी विश्वास ठेवला. नवरा चाळीस वर्षांत जेमतेम चार पानं भरतील एवढं बोलला असेल तर त्यात खोटं शोधायची सवय कुणाला लागणार? तीन आठवडे मौनीने दुकान बंद झाल्यावर त्या खुर्च्यांवर काम केलं. कापडाच्या एका गठ्ठ्याचा उरलेला बाटलीहिरवा तुकडा त्याने वर्षानुवर्षं जपून ठेवला होता, तो बरोब्बर दोन्ही खुर्च्यांना पुरला. मग वहिनींनी एकेकाला वर बोलावून बसवायला सुरुवात केली. मी बसलो. पाठ अशी टेकली की हाडं विरघळली म्हणा. पण दोन्ही बाजूंच्या त्या कानांमुळे शेजारी कोण काय कुजबुजतंय ते ऐकू येत नाही. माझ्यासारख्याच्या उपयोगाची ती वस्तू नव्हे.

पुढची बातमी मीच घेऊन गेलो. मला काय माहीत?

दुकानात मौनी एका दिवाणावर वाकला होता, तोंड खिळ्यांनी भरलेलं. मी आपला स्टूल ओढून रंगात आलो. म्हटलं, ऐकलंस का, डॉक्टरीणबाईंनी घर धुऊन काढलं. काचेचं पुस्तकांचं कपाट गेलं. पलंग गेला. दवाखान्यातला तो लांब बाक, ज्यावर आपण सगळे तापाने फणफणून बसलेलो आहोत, तोही गेला. सगळं बेकरीवाल्याच्या भट्टीत. बेकरीवाला म्हणतो इतकं चांगलं वाळलेलं लाकूड जन्मात मिळालं नव्हतं. बाई दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर झोपतात, तिच्यावरच जेवतात. घरात लाकडाचं म्हणून एक डॉक्टरांचं टेबल उरलंय, ते शनिवारी जाणार. त्याचे खण रिकामे करवत नाहीत म्हणून राहिलंय. आणि कारण विचारशील तर तू. मौनींनी कीड वेळेवर दाखवली, नाहीतर घर पडलं असतं, असं भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगतायत.

मौनीने सगळे खिळे तळहातावर थुंकले. मला वाटलं एखादा गिळला की काय. तो दिवाणाला टेकून खाली फरशीवरच बसला. मी म्हटलं उकाडा फार आहे. हो, असं मी म्हटलं. इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचण्यात घालवली आणि त्या दिवशी मला उकाडा दिसला.

त्याच आठवड्यात चार घरांतून मौनीला बोलावणी आली. आमचं कपाट बघा, आमचा पाळणा बघा, कीड नाही ना? वहिनींची छाती फुगली. त्यांचं म्हणणं, आता नुसत्या बघण्याचेही पैसे लावा. मौनी एकाही घरी गेला नाही. जेवायला बसला की घास फिरवत राहायचा. कानांच्या खुर्चीत बसेना, जुन्या स्टुलावर बसायला लागला, तेही सगळ्यात बुटक्या.

गुरुवारी त्याने वहिनींना सांगितलं. वहिनी त्या वेळी खुर्चीतच होत्या, कपड्यांच्या घड्या घालत. पुढचं मला माझ्या बायकोकडून कळलं आणि तिला वहिनींकडून, त्यामुळे त्यात मीठमसाला नाही, कारण वहिनींनी रडत सांगितलं आणि रडताना माणसाला सजवून सांगता येत नाही. ऐकता ऐकता त्या उठल्या. घड्या घातलेले कपडे तसेच मांडीवरून खाली पडले. त्या एवढंच म्हणाल्या, “मी सगळ्या गल्लीला यात बसवलं. माझ्या हाताने.” आणि मग म्हणाल्या, “टेबल शनिवारी जाणार आहे ना? मग उद्या जा.”

शुक्रवारी मौनी गेला. आता हे जे सांगतो ते खुद्द त्याच्या तोंडून ऐकलेलं. तोंडात खिळे नव्हते तेव्हाचं.

आधी त्याने चोरवाट शोधली. म्हटलं टेबल तेवढं वाचवू, बाकीचं पोटात ठेवू. टेबल उलटसुलट पाहिलं, चारही पाय ठोकले आणि सांगितलं, हे चांगलं आहे, याला कीड नाही. डॉक्टरीणबाई टेबलाच्या खणातून जुने कागद काढत होत्या. डॉक्टरांचं ते कुणालाही न वाचता येणारं अक्षर. त्या म्हणाल्या, “आज दिसत नसेल. यांचे पेशंटसुद्धा पहिल्या आठवड्यात ठणठणीत दिसायचे.” मौनी म्हणाला, लाकूड वेगळं आहे. बाई हसल्या. “माझं मन राखायला बोलताय. तुम्ही भले आहात हो, पण जीव गुंतला म्हणून रोग ठेवून घ्यायचा नसतो. मी माणसांच्या बाबतीत ठेवला नाही, हे तर टेबल आहे.”

मौनी निघाला. फाटकापर्यंत आला. तिथे बेकरीवाला उद्याच्या गाडीसाठी वाट मोकळी करत कुंड्या सरकवत होता. त्याने मौनीला हात केला आणि म्हणाला, अशीच घरं दाखवत जा. मौनी तिथल्या पायरीवर बसला. मग उठून परत आत गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भुसा, खिसा, ढिगुळी, महिन्याभरात, सगळं.

बाई कागद हातात धरून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे कपाट चांगलं होतं?”

“ते मी पाहिलं नव्हतं.”

“पण चांगलं असणार.”

“हो.”

“पलंग?”

“हो.”

“बाक?”

“हो.”

एकेक लक्षण विचारावं तसं त्यांनी विचारलं. मौनीला वाटलं आता त्या ओरडतील, आणि त्याला ते हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. तो म्हणाला, मागायला हव्या होत्या मी. बाई म्हणाल्या, “मागितल्या असत्यात तर दिल्या नसत्या. मी नाही म्हटलं असतं, तुम्ही कापड बदलून दिलं असतंत. एवढंच झालं असतं.”

त्याने खिशातून हातगाडीचं भाडं काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचलून खणात टाकलं. त्याने सांगितलं, उद्या सकाळी दोन्ही खुर्च्या आणून देतो.

“एक आणा,” त्या म्हणाल्या. “टेबलाशी बसायला माझ्याकडे काही नाही. दुसरी तुमच्याकडे राहू दे.”

मौनीने हात जोडले. दोन्ही घ्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो सलग बोलला असेल, तेही गयावया करत. बाई म्हणाल्या, “दोन्ही परत केल्या की तुम्हाला हलकं वाटेल. तुम्हाला हलकं करायचं काम माझं नाही.”

शनिवारी बेकरीवाल्याची गाडी रिकामी परत गेली. एक खुर्ची डॉक्टरीणबाईंकडे पोचली, टेबलाशी. दुसरी मौनीच्या घरी आहे. वहिनींनी तिच्यावर चादर टाकलीय. त्या खोलीत वावरताना नवराबायको तिला वळसा घालून जातात, जणू तिथे कुणी झोपलंय.

आणि आता गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच. डॉक्टरीणबाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. एका अक्षराने नाही. बाकीच्यांनी टेबल कसं राहिलं असं विचारलं, तर म्हणाल्या, राहिलं. मला वास आला होता, म्हणून मी तब्येतीची चौकशी करायच्या निमित्ताने गेलो. खुर्ची पाहिली, हिरवं कापड ओळखलं. काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय, चहा की बातमी?” मी चहा घेतला. तोही फार लवकर संपवला. माझ्यासारख्या कोडग्या माणसाचे कान तापले ते तेवढे एकदाच.

बाई गप्प, त्यामुळे मौनीचं नाव तसंच चमकत राहिलं. बोलावणी येतच होती. आणि प्रत्येक बोलावण्याला तो आणखी आक्रसायचा. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, तुमच्यासारखी माणसं राहिली कुठे. तो दुसऱ्या गल्लीतून जायला लागला. तिथेही लोक भेटले.

शेवटी शिंप्याच्या बायकोने त्याला गाठलं. तिच्या सासूचा जुना सोफा, पायाशी काहीतरी पांढरं दिसत होतं. ती त्याला हाताला धरूनच घेऊन गेली. मौनी सोफ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी बघणार नाही. का? तर डॉक्टरीणबाईंकडे मी खोटं सांगितलं होतं. कीड नव्हती. खुर्च्या मला हव्या होत्या. त्यांचं घर माझ्यामुळे भट्टीत गेलं.

शिंपीण फटकळ. जे तोंडात आलं ते सगळं बोलली. सासू आतून विचारत होती काय झालं, काय झालं. मौनीने सगळं ऐकून घेतलं. तिचं संपल्यावर, निघता निघता, त्याने सोफ्याच्या पायाकडे एक नजर टाकली. सवयच ती. म्हणाला, “चुना आहे. भिंतीचा पडलाय. सोफा चांगला आहे.”

शिंपीण म्हणाली, “आणि हे तरी खरं कशावरून?”

मौनीने पिशवीतून बॅटरी काढली, तिच्या हातात दिली, सोफा आडवा केला आणि म्हणाला, “तुम्ही बघा.”

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. जिथे बोलावतील तिथे आधी उभ्याने स्वतःची गोष्ट सांगायची, मग बॅटरी हातात द्यायची. संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्याकडे पाच तोंडांनी आली आणि एकाही तोंडाला मी काही नवीन सांगू शकलो नाही. या गल्लीत असं पूर्वी झालेलं नाही. मुख्याध्यापकांनी उदाहरण देणं थांबवलं. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जायला लागली. उरलेली येतात, पण काम चालू असताना समोर बसून राहतात. पूर्वी कुणी बसत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी त्याला आमच्या पलंगासाठी बोलावलं. रात्री कुरकुरतो. मौनी आला, दारातच उभा राहिला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. भुसा, खिसा. मी म्हटलं, “अरे बाबा, मला ठाऊक आहे. सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं ते मला सगळ्यांनंतर कळलं, पण ठाऊक आहे.” त्याने ऐकलं नाही. पूर्ण सांगितलं, भाड्यासकट. माझी बायको मध्येच स्वयंपाकघरात निघून गेली, तिला ऐकवेना.

मग त्याने पलंग एका बाजूने उचलून धरला आणि बॅटरी माझ्या हातात दिली. माझं वय अठ्ठ्याहत्तर. मी फरशीवर आडवा होऊन, नाक लाकडाला लावून, त्या पलंगाचे चारही सांधे बघत होतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, “मौनी, तूच सांग की रे, काय आहे ते.”

“नीट बघा,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”

मी मान वळवून वर पाहिलं. पलंगाचं वजन दोन्ही हातांवर तोललेलं होतं, दंड थरथरत होते, आणि तोंड त्याने मुद्दाम भिंतीकडे फिरवलं होतं. मी कुठे बॅटरी मारतोय ते सुद्धा त्याला बघायचं नव्हतं.